लवकर पोचलेलं हील

मार्च १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या ऑनलाइन खेळात क्लेरिक या हील करणाऱ्या पात्राकडे 'कम्प्लीट हीलिंग' नावाचा एक स्पेल होता. तो पूर्ण व्हायला दहा सेकंद लागत. दहा सेकंदांत ड्रॅगनसमोरचा योद्धा सहज मरतो. पण स्पेल लागला की त्याचं आयुष्य जवळजवळ काठोकाठ भरायचं, आणि तेवढं हील दुसऱ्या कुठल्याही स्पेलमधून इतक्या कमी खर्चात मिळत नसे. मग खेळाडूंनीच तोडगा काढला. पाच क्लेरिकांनी क्रम ठरवून घ्यायचा. पहिल्याने सुरुवात केली की दोन सेकंदांनी दुसऱ्याने, आणखी दोन सेकंदांनी तिसऱ्याने. पाचव्याने सुरुवात करून दोन सेकंद उलटेपर्यंत पहिल्याचा स्पेल पूर्ण झालेला असे आणि तो पुन्हा सुरू करी. असं दर दोन सेकंदांनी एक हील पडत राही. प्रत्येक जण स्वतःची पाळी चॅटमध्ये जाहीर करायचा आणि पुढचा त्यावर नजर ठेवून असायचा. योद्ध्याला किती मार बसलाय हे बघत बसण्याला अर्थ नव्हता, कारण दिसल्यावर सुरू केलेलं हील दहा सेकंद उशिरा पोचणार. बघायची ती पाळी.

त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत खेळ बनवणारे हीलरच्या हातात वेग देत गेले आणि हीलरांनी तो आनंदाने घेतला. हेस्ट, कास्टिंग स्पीड, स्पेल स्पीड अशी नावं खेळागणिक बदलतात. सल्ला मात्र एकच असतो: हा आकडा वाढवा, तुमचं हील वाढेल. हा सल्ला बऱ्याच वेळा चुकीचा आहे, असं मला वाटतं. वेगामुळे हील कधी पोचणार हे बदलतं, आणि सोबत चार हीलर असतील तर ते कोणाच्या नावावर लागणार हेही बदलतं. ते एकूणात वाढतंच असं नाही. कधी वाढतं आणि कधी नाही, हे पाहायला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही, कारण त्या खेळानं हेस्टचे नियम इतक्यांदा बदलले की प्रत्येक बदलात या स्टॅटची, म्हणजे पात्राच्या या आकड्याची, एकेक बाजू उघडी पडत गेली.

२००४ मध्ये तो खेळ आला तेव्हा गिअरवर, म्हणजे अंगावरच्या शस्त्र-चिलखतावर, कास्टचा वेग जवळजवळ नव्हताच. वेळ ही किंमत होती आणि ती उघडपणे आकारली जाई. गिअरवरच्या हीलिंग पॉवरचा किती वाटा स्पेलला मिळणार हे त्याच्या कास्टच्या वेळेवरून ठरे: साडेतीन सेकंदांच्या स्पेलला पूर्ण, तीन सेकंदांच्या ग्रेटर हीलला सुमारे ८६ टक्के, दीड सेकंदाच्या फ्लॅश हीलला सुमारे ४३ टक्के. घाई केलीत तर वाटा कमी. २००७ च्या 'बर्निंग क्रूसेड'पासून गिअरवर हेस्ट मिळू लागला आणि या व्यवहारात पळवाट निघाली, कारण कास्टचा वेळ घटला तरी वाटा मूळ वेळेवरूनच मोजला जाई. हिशोब साधा आहे. मूळ वेळेला एक अधिक हेस्ट याने भागायचं. हेस्ट ५० टक्के असेल तर दीड सेकंदाचा स्पेल एका सेकंदात होतो, १०० टक्के असेल तर पाऊण सेकंदात. नवखे इथे हमखास गोंधळतात, कारण ५० टक्के म्हणजे वेळ निम्मा अशी त्यांची समजूत असते.

म्हणजे हेस्ट २५ टक्के वाढला की दर सेकंदाचं हीलही २५ टक्के वाढलं. इथवर सल्ला बरोबर. पण माना नावाची, स्पेल टाकताना खर्च होणारी वस्तू मध्ये येते. समजा हीलरकडे ६००० माना आहे, प्रत्येक स्पेलला १०० लागतो, सेकंदाला एक स्पेल होतो आणि दर सेकंदाला ६० माना परत येतो. त्याचा निव्वळ खर्च सेकंदाला ४०, म्हणजे तो दीडशे सेकंद टिकेल आणि दीडशे स्पेल टाकेल. आता त्याला २५ टक्के हेस्ट द्या. खर्च १२५, परतावा तोच ६०, निव्वळ खर्च ६५. साधारण ९२ सेकंदांत तो रिकामा. तोवर त्याने सुमारे ११५ स्पेल टाकले आहेत. पुढचे ५८ सेकंद तो जेवढा माना परत येईल तेवढ्यातच भागवणार, म्हणजे आणखी ३५ स्पेल. बेरीज पुन्हा दीडशे! लढाई दीडशे सेकंदांची असेल तर दोघांनी अगदी सारखंच काम केलं. फरक एवढाच, की वेगवान हीलरने सुरुवातीला जास्त दिलं आणि शेवटी, जेव्हा बॉस सहसा सर्वाधिक चिडलेला असतो, तेव्हा त्याच्या हातात काही उरलं नाही.

हा हिशोब ऐकून कोणीही अनुभवी हीलर म्हणेल की सरासरीने कोणी मरत नाही. मरण तीन सेकंदांत येतं. त्या तीन सेकंदांत दोन हील पोचली की तीन, एवढाच प्रश्न असतो, दीडशे सेकंदांची बेरीज कोण विचारतो? हे मला पूर्ण मान्य आहे, किंबहुना माझं म्हणणं यावरच उभं आहे. हेस्टची खरी किंमत त्या तीन सेकंदांत आहे. तो हीलरला उशिरा ठरवण्याची मुभा देतो. वेग नसताना हीलरला मार बसण्याआधीच स्पेल सुरू करावा लागे. जुन्या वॉरक्राफ्टमध्ये बॉस साधारण दोन सेकंदांनी वार करायचा आणि ग्रेटर हील टॅलेंट घेऊनही अडीच सेकंदांचं. म्हणून हीलर आंधळेपणाने कास्ट सुरू करत आणि शेवटच्या क्षणी पाहत, की वार चुकला किंवा टँकचं, म्हणजे मार झेलणाऱ्या योद्ध्याचं, आयुष्य भरलेलंच आहे, तर कास्ट सोडून देत. माना स्पेल पूर्ण झाल्यावरच कापला जाई, त्यामुळे सोडलेला कास्ट फुकटात पडायचा. सुरू करायचं, सोडायचं, पुन्हा सुरू करायचं, असं अख्खी संध्याकाळ. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, हा काहीच करत नाही. प्रत्यक्षात बॉसचा ताल ओळखून पुढच्या वाराचा अंदाज बांधायचा, हीलिंगमधलं सगळ्यात अवघड कसब तेच होतं. कास्ट दीड सेकंदावर आला की या अंदाजाची गरज कमी होते. मार बसलेला दिसतो आणि मग स्पेल टाकता येतो. हे सोयीचं आहे, यात वाद नाही. पण वेगासोबत कसबही वाढतं असं समजायचं कारण नाही. उलट एक कसब नाहीसं होतं आणि त्याच्या जागी चपळाई येते.

पंचवीस जणांच्या रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाने बॉसवर केलेल्या चढाईत, पाच-सहा हीलर असतात, तिथे गोष्ट आणखी बिघडते. जखमी एकच, आणि पाचही जणांची नजर त्याच्यावर. ज्याचं हील आधी पोचतं त्याच्या खात्यात ते जमा होतं. मागून आलेल्यांचं ओव्हरहील म्हणून वाया जातं. पंगतीत पाच वाढपी एकाच पानाकडे धावले, तर चटकन पोचलेल्याचा वाढपी म्हणून लौकिक होतो आणि बाकीचे भरलेले डाव घेऊन परत फिरतात. जेवणाऱ्याच्या पोटात जातं तेवढंच जातं. हीलचा मीटर हा प्रकार बघत नाही. तो फक्त कोणाचं किती लागलं ते दाखवतो. हेस्ट वाढवलेला हीलर लढाईनंतर यादीत वर दिसतो, त्याच्यामुळे कोणी जास्त वाचलेलं नसलं तरी. मग ज्याचं नाव खाली गेलं तो पुढच्या आठवड्यात हेस्ट वाढवतो. एव्हरक्वेस्टच्या क्लेरिकांना पाळी होती, इथे शर्यत आहे. आणि या शर्यतीतले आकडे पाहूनच कुठला स्टॅट चांगला याचे सल्ले लिहिले जातात, हा त्यातला सगळ्यात गमतीचा भाग.

हेस्टने हील खरोखर वाढतं असे दोन प्रसंग आहेत. मानाची काळजी नसेल तर, आणि मानाच्या त्याच खर्चात स्पेल जास्त काम करत असेल तर.

पहिला प्रसंग २००८ च्या 'रॅथ ऑफ द लिच किंग'मध्ये आला. माना परत मिळवण्याच्या इतक्या सोयी होत्या की पुढेपुढे चांगल्या हीलरांना तो फारसा संपेना. मग वेगावर एकच लगाम उरला, तो ग्लोबल कूलडाउनचा. दोन स्पेलमधलं किमान अंतर दीड सेकंद. मार्च २००८ च्या पॅचपासून ते हेस्टने कमी होऊ लागलं, पण एका सेकंदाच्या खाली जायचं नाही. त्यामुळे हीलरांच्या बोलण्यात दोन आकडे वरचेवर येऊ लागले, ६७६ आणि ८५६. होली पॅलाडिनला स्वतःच्या टॅलेंटचे १५ टक्के आणि रेडमधल्या इतरांकडून मिळणारे ५ व ३ टक्के धरून ६७६ हेस्ट रेटिंग, म्हणजे गिअरवरचा हेस्टचा आकडा, लागे. तेवढ्यात दीड सेकंदाचा फ्लॅश ऑफ लाइट आणि त्याचं कूलडाउन दोन्ही बरोबर एका सेकंदावर येत. ड्रूइडला आपल्या टॅलेंटसह तेच गाठायला ८५६. ड्रूइडचं रिजुव्हनेशन तर तत्काळ लागणारा स्पेल, त्याला कास्टच नाही. हेस्टचा उपयोग एवढाच की पुढच्या माणसावर तो लवकर टाकता यावा. आकडा गाठला की त्यापुढचा हेस्ट या स्पेलसाठी निव्वळ अडगळ. आइसक्राउन सिटाडेल या रेडच्या दिवसांत ड्रूइड दर सेकंदाला एक याप्रमाणे अख्ख्या रेडवर रिजुव्हनेशन पसरत जात. कोणाला लागलंय, कोणाला नाही, हे पाहण्यात वेळ घालवणं तोट्याचं होतं. वेग आणि फुकटचा माना एकत्र आले की हीलरला निवड करायचं कारणच उरत नाही. मला त्या काळातल्या रेड आवडतात, पण त्यांतलं हीलिंग मात्र कंटाळवाणं होतं, हे कबूल करायला हवं.

बनवणाऱ्यांनाही ते जाणवलं असावं. २०१० च्या 'कॅटाक्लिझम'मध्ये खेळाडूंचं आयुष्य खूप वाढवलं गेलं, त्या मानाने हील लहान झालं आणि माना पुन्हा मोजूनमापून वापरायची वस्तू बनली. सगळ्यांना सतत भरलेलं ठेवायचं नाही, कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे हीलरने ठरवायचं, असा हेतू होता. डन्जन अवघड झाल्याची ओरड झाली, तेव्हा खेळाच्या सिस्टिम्सच्या रचनेचे प्रमुख ग्रेग स्ट्रीट यांनी २०११ च्या सुरुवातीला लेख लिहून या धोरणाची बाजू मांडली. धोरण योग्य होतं. पण त्याच वेळी आणखी एक बदल झाला आणि तिथे हेस्टचा दुसरा प्रसंग आला. हळूहळू टप्प्याटप्प्याने भरणारी हील आता हेस्टने लवकर टप्पे टाकू लागली, आणि हेस्ट पुरेसा असेल तर एक टप्पा जास्तीचा मिळू लागला. माना तेवढाच.

माझा वरचा दीडशे स्पेलचा हिशोब इथे मोडतो, म्हणून हा भाग नीट पाहू. रिजुव्हनेशन बारा सेकंदांचं, दर तीन सेकंदांनी एक टप्पा, एकूण चार. हेस्ट वाढला की टप्प्यांमधलं अंतर घटतं. बारा सेकंदांत किती टप्पे बसतात हे मोजून जवळच्या पूर्ण आकड्याला आणलं जाई. म्हणजे साडेचार होईपर्यंत चार, साडेचार झाले की पाच. त्यासाठी लागायचा १२.५ टक्के हेस्ट. २०१२ च्या 'मिस्ट्स ऑफ पँडारिया'मध्ये ९० व्या पातळीवर एका टक्क्याला ४२५ रेटिंग लागे आणि रेडमध्ये ५ टक्के हेस्ट दुसऱ्याकडून मिळे. ते धरून ड्रूइडांचा प्रसिद्ध आकडा ठरला ३०४३. त्यापुढचा टप्पा थेट १३,१६३ वर. मधली दहा हजारांची जागा रिजुव्हनेशनपुरती ओसाड.

यात एक विचित्र गोष्ट दडलेली होती. समजा एखाद्या ड्रूइडकडे ३००० हेस्ट आहे, म्हणजे जेमतेम कमी. त्याचे टप्पे चारच, पण ते लवकर पडतात आणि रिजुव्हनेशन बारा सेकंदांऐवजी पावणेअकरा सेकंदांच्या आतच संपतं. त्याला ते लवकर परत टाकावं लागतं, म्हणजे माना जास्त जातो. त्याच्याहून हेस्ट कमी असलेल्या ड्रूइडचं बरं चाललेलं असे. थोडं रेटिंग वाढवून ३०४३ गाठलं, की तेच रिजुव्हनेशन पाच टप्प्यांचं होऊन सव्वातेरा सेकंदांच्याही पुढे जातं. चाळीसेक रेटिंगच्या फरकाने अडीच सेकंदांहून जास्त आयुष्य आणि एक फुकटचा टप्पा. त्या काळी गिअरवरच्या एका स्टॅटचा ४० टक्के भाग दुसऱ्या स्टॅटमध्ये बदलून घेता येई. ड्रूइड नवीन बूट मिळाले तरी खूश व्हायच्या आधी हा बदल करायला धावत, कारण एका नगाने सगळं गणित कोसळायचं.

हे गणित अनेकांना प्रिय होतं. 'डायब्लो २' खेळलेल्यांना तर ते घरचंच वाटलं असणार. तिथे सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणून सॉर्सरेसचा कास्टचा वेग १०५ टक्क्यांवर एका फ्रेमने सुधारे आणि मग २०० पर्यंत ढिम्म हलत नसे. पण डायब्लोतली ती पायरी यंत्राच्या मर्यादेतून आली होती आणि ती फक्त वेग ठरवायची. ड्रूइडची पायरी काय टाकायचं, किती वेळा टाकायचं आणि माना कसा पुरवायचा, हे सगळं लढाई सुरू होण्याआधीच ठरवून टाकत होती. निर्णय रेडमध्ये व्हायला हवा, तो शहरातल्या गिअर बदलणाऱ्याच्या दुकानात होऊ लागला. म्हणून २०१४ च्या 'वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर'च्या वेळी शेवटचा टप्पा अपूर्ण पडू दिला गेला आणि पायऱ्यांचा उतार झाला, तेव्हा ज्यांना हळहळ वाटली त्यांच्या बाजूने मी नाही. स्टॅट बदलण्याची सोयही त्याच वेळी गेली. बरं झालं.

'फायनल फँटसी १४'ने वेगळा रस्ता घेतला. तिथे मूळ ग्लोबल कूलडाउनच अडीच सेकंदांचं, आणि हीलरची बरीचशी मोठी हील त्या कूलडाउनच्या बाहेर, दोन स्पेलच्या फटीत टाकायची. स्पेल स्पीडचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. टप्प्यांची हील दर तीन सेकंदांच्या सर्व्हरच्या ठोक्यानेच पडतात. स्पेल स्पीडने ठोका बदलत नाही, प्रत्येक टप्प्याची ताकद किंचित वाढते. परिणाम असा, की व्हाइट मेज या हीलरचा वेग मुख्यतः शत्रूवर टाकायच्या स्पेलच्या कामी येतो. हीलिंग वेगापासून सोडवायचा हा सरळ मार्ग आहे. मात्र यात हीलर निम्म्याहून अधिक वेळ हीलिंग करतच नाही, ही तक्रारही खरी आहे.

पुण्या-मुंबईतून वॉरक्राफ्ट खेळणाऱ्यांना या सगळ्यात एक जास्तीचा हिशोब करावा लागत आला आहे. भारतात या खेळाचे सर्व्हर नाहीत; युरोपच्या सर्व्हरवर खेळायचं तर पिंग दीडशे-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात. साडेतीन सेकंदांच्या स्पेलमागे ही दिरंगाई जाणवतही नाही. एका सेकंदाच्या स्पेलमागे ती पाचवा हिस्सा होते. स्पेल थोडा आधी दाबून रांगेत ठेवायची सोय आल्यावर ओळीने टाकायच्या स्पेलचं नुकसान बरंचसं थांबलं, पण पाहून मग ठरवायचं असेल तर रांगेचा उपयोग नाही. म्हणजे हेस्टची जी खरी देणगी, उशिरा ठरवण्याची, तिचा एक भाग केबलमध्येच खर्च होतो. दूर बसलेल्या हीलरला अंदाजावर खेळणं भाग आहे, आणि अंदाजावर खेळणाऱ्याला मोठे, स्वस्त स्पेल जास्त उपयोगी पडतात.

मला वाटतं, वेग द्यायचा असेल तर तो थोड्या वेळापुरता द्यावा. वॉरक्राफ्टमधला शॅमनचा ब्लडलस्ट हा स्पेल ३० टक्के वेग देतो, चाळीस सेकंदांसाठी. तो कधी वापरायचा यावर भांडणं होतात, योजना आखल्या जातात, चुकीच्या वेळी वापरला तर लढाई हरली जाते. मुभा हवी त्या क्षणी मिळते आणि बाकीच्या वेळी माना जपता येतो. गिअरवरचा हेस्ट मात्र चोवीस तास चालू. टँकला ओरखडा पडला तरी तो तेवढ्याच घाईने खर्च करायला लावतो. हीलर हळू खेळू शकतो हे खरं, पण मीटर समोर असताना किती जण हळू खेळतात?

आता राहिला मिथिक प्लसचा प्रश्न, जो २०१६ च्या 'लीजन'पासून सुरू झाला. पाच जणांचा गट, घड्याळ लावलेलं, आणि हीलर एकच. इथे शर्यत कोणाशी नाही, कारण कोणाचं हील हिसकावून घ्यायला दुसरा हीलरच नसतो. एकेक झुंज सहसा मिनिटभराच्या आसपास संपते आणि पुढच्या आधी दोन घोट पिऊन माना भरता येतो, त्यामुळे ९२ व्या सेकंदाला रिकामं होण्याची भीतीही मागे पडते. मरण मात्र तीन सेकंदांत येतं आणि सगळा मार दिसल्यावरच कळतो. लीजनपासून ग्लोबल कूलडाउन पाऊण सेकंदापर्यंत खाली जाऊ लागलं, त्याचा खरा उपयोगही इथेच होतो. अशा गटातला हीलर हेस्ट घेत असेल तर तो बरोबरच करतोय. तोच गिअर घालून तो रात्री वीस जणांच्या रेडमध्ये जातो, सात मिनिटांच्या लढाईत, आणखी तीन-चार हीलरांसोबत, आणि शेवटच्या मिनिटाला त्याचा माना संपतो. काही मार्गदर्शकांत या दोन्ही संध्याकाळींसाठी स्टॅटची एकच यादी छापलेली असते.